झोपेतली बैलं

९ फेब्रुवारी २००४, सोमवार
आन् सगळ्यात आधी कोण यावं, तर सिंधूबाई! भिंतीला भिंत तिची. माझा डोळा सुजला की माझ्याआधी तिला कळतं. दारातूनच म्हणाली, "काय गं तुळजे, या वयात मारायला लागलं व्हय आबा?" मी म्हणाले, गाईचं शिंग लागलं. गाय तर दिवाळीतच विकली! तिला ठाऊक. हसली, चहा पिऊन गेली.

खरं ते इथं लिहिते. आमच्या ह्यांना कंपवात. दिवसा हात थरथरतो, चमचा तोंडापर्यंत जात नाही. झोपेत मात्र त्याच हातात काय जोर! बैलं हाकतात. शिव्या देतात, लाथा झाडतात. परवा बैलाचा फटका मला बसला. सकाळी ह्यांनी माझा डोळा बघितला. संध्याकाळी आपली गोधडी उचलून मागच्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांत. बाळंतपणं सोडली तर आमची अंथरुणं कधी वेगळी झाली नव्हती.

११ फेब्रुवारी, बुधवार
रविवारी स्नेहलला बघायला दौंडचे पाहुणे! माझी नात! मुलगा रेल्वेत. फोटोत हसतो छान — दात बघितले मी, बैलाचे बघतात तसे.

हौसराव, माझा लेक, म्हणाला, "आई, आबा तवा मागंच राहू दे. मधीच वरडले तर लोक म्हणतील, घरात वेड हाय." अरे, शिरूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं? आपण स्वप्नात पळालो तरी अंग पडून राहतं. ह्यांचं अंगबी पळतं. आजाराचंच ते. वेड नाही. तर म्हणतो, "आपल्याला कळतं गं. त्यांना कोण समजावणार?"

हे ऐकत होते. "पोराचं बरोबर हाय," म्हणाले. दोघांचाही राग आला. भाकरी करपली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
युक्ती सापडली! रात्री डोळ्याला डोळा नाही, म्हणून दुपारी झोपतात. काल झोपेतच नांगर सुरू. आधी मी हात धरायचे, तर जास्तच झाडायचे. काल लांब, दारात उभी राहिले आन् जू काढताना म्हणतात तसं म्हणाले, "हो रं, हो... सुटली बैलं, सुटली!" हात खाली आला. मग च्च-च्च करत थोपटायला लागले — उशीला! पदर तोंडात घालून हसले.

१५ फेब्रुवारी, रविवार
आले पाहुणे. मुलाची आजी अनसाबाई — कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हसणं नाही. आजोबा आण्णा आले नव्हते. "नगरला लेकीकडं गेलेत," म्हणाल्या.

पोहे चालले होते. स्नेहल खाली बघत बसलेली. आन् आतून, "अय् हरण्या! वळ की!" — पाठोपाठ पातेलं पडलं. हौसराव पांढराफटक. "मांजर असंल," म्हणाला.

मी ताट ठेवून उठले. दारात उभी राहिले, बैलं सोडली. हे निवांत झाले. मागं वळते तर अनसाबाई! आता काय लपवायचं? म्हणाले, "मांजर न्हाई. माझे मालक हायत. आजार हाय, झोपेत हाकतात."

"हात न्हाई धरत?"

"धरला की त्यांना भांडणच वाटतं."

बाईनं ह्यांच्याकडं एकदा बघितलं. पदर सारखा करून बाहेर गेली. "कळवतो," म्हणून सगळे निघाले. हौसराव माझ्याशी बोलत नाही. हे जागे झाल्यावर विचारतात, "माझ्यापायी मोडलं का गं?" मला जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
फोन नाही. माझी गोधडी मागच्या खोलीत नेली. मधे गादीची गुंडाळी. मारा लाथा गादीला!

१७ फेब्रुवारी, मंगळवार
फोन आला. अनसाबाई स्वतः. आधी नुसती रडली. आण्णा नगरला गेलेच नव्हते! त्यांनाबी तेच. रविवारी खोलीला बाहेरून कडी लावून आले होते. "पोरगी तर तवाच पसंत व्हती, बाई. तोंड कुठलं दाखवू, म्हणून फोन केला न्हाई. पण आमच्याकडं बैलं न्हाईत गं. हे इंजिनावर व्हते, झोपेत गाडीच चालवतात. मी काय म्हणू?"

मी म्हणाले, "म्हण की, दौंड आलं!"

रडता रडता हसली.

गुरुवारी सगळे येतो म्हणाली. आण्णांना घेऊन.