हितं बोट लावा

आबा, तुमचं इंदापूरचं कापडाचं दुकान मी मोबाईलवर आणलं ते तुमच्या डोळ्यांदेखत, असं लिहिणार होते आणि हात थांबला. तुमचे डोळे तेव्हा गेलेले होते. ‘आख्ख्या तालुक्याची साखर माझ्याच अंगात उतरली,’ असं म्हणून तुम्ही हसायचात आणि गल्ल्याशेजारच्या गादीवर बसून बोटांनी कापड ओळखायचात. तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं झाली. बारामतीत दुसरं दुकान झालंय, पण निम्म्या साड्या फोनवरच खपतात. आबांची लेक हुशार निघाली, असं लोक म्हणतात. मला हल्ली ते ऐकवत नाही.

मी सातवीत असेन. नरसिंहपूरच्या एक बाई दुकानात आल्यात, दोन्ही डोळ्यांनी अधू, सोबत कुणी नाही. तुम्ही त्यांच्या मांडीवर लुगडं ठेवता. ‘ह्यो रंग पिकल्या जांभळागत हाय, मावशी. काठ तांबडा. आन हितं बोट लावा, धागा निसटलाय.’ त्या बोट फिरवतात, ते लुगडं बाजूला सारतात आणि दुसरं घेऊन जातात. त्या पायरी उतरल्या आणि मी शहाणपणा पाजळला, ‘आबा, त्यांना कुठं दिसणार होतं?’ तुम्ही हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवलात. ‘म्हणून तर सांगायचं. दिसतंय त्येला काय सांगायचं?’ तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. त्यापेक्षा एक धपाटा परवडला असता.

गेल्या आठवड्यात माळेगावहून एका बाईंचा फोन आला. त्यांनाही दिसत नाही. त्यांचा मोबाईल पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो, ते ऐकत त्या खरेदी करतात. सुनेच्या डोहाळजेवणासाठी त्यांनी आपल्याकडून हिरवी साडी मागवली होती. गेली काळी. ‘तुमच्या दुकानात फोन नुसता बटण, बटण, बटण म्हणतोय. कुठल्या रंगाचं ते बोलतच न्हाय. वर रंगांची नावं हायेत, त्यात हिरवा तिसरा, म्हणून तिसरं बटण दाबलं. पार्सल तसंच ठेवलं हुतं. बायांसमोर घडी उघडली तवा सगळ्या गप. मग विहीणबाई म्हणल्या, कुणाला इचारायचं तरी.’ मग म्हणाल्या, ‘पहिल्यांदाच कुणाला न इचारता घेतली हुती, ताई.’ मी घाईघाईने बदलून देते म्हणाले. ‘बदलून नगं. जेवण झालं. तुमी खाली लिवलंय न्हवं, ज्येला दिसत न्हाय त्येला हितं एकट्यानं खरेदी करता येती? तेवढं काढा. मी त्येच्यावर इसंबले.’ फोन ठेवला तरी माझे कान गरम होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, म्हणजे एकदाच वाटली होती, तुम्ही गज खाली ठेवलात तेव्हा.

ते पान मीच लिहिलंय, आबा. मोबाईलवरच्या मोठ्या दुकानांच्या तळाशी तसं पान असतं. हे दुकान कुणाकुणाला वापरता येतं, कुणाला कुठं अडचण येते, अडलं तर कुणाला विचारायचं, असं सगळं त्यात असतं. मला ते फार आवडलं. दुकानाची शोभा वाढेल म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ते उतरवून काढलं आणि अडचणींचा भाग तेवढा गाळला. वेबसाइट बघणाऱ्या मुलीनं विचारलं होतं, ‘ताई, कुणा न दिसणाऱ्या माणसाकडून तपासून घेतलंय ना?’ मी घेतलंय म्हणाले. ते खोटं नव्हतं. तुमच्याकडूनच घेतलं होतं.

दुकान मोबाईलवर आलं त्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, ‘पोरी, मला तुझ्या दुकानात ने की.’ मी बोलणारा फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही टोपी सारखी केलीत, परगावी निघाल्यासारखी. बोट फिरवलंत. बटण. बटण. बटण. तुम्ही पुन्हा वरपासून सुरुवात केलीत. ‘दार कुठं हाय गं ह्येचं?’ असं विचारलंत, आणि मी फोन तुमच्या हातातून काढून घेत म्हणाले, ‘रेंज नाही आबा, नंतर बघू.’ ‘व्हय का,’ म्हणालात. पुन्हा कधी मागितला नाहीत. चार महिन्यांनी तुम्ही गेलात.

आज सकाळी ते पान काढलं आणि नवं लिहिलं. ज्यांना दिसत नाही त्यांना या दुकानात अजून एकट्यानं खरेदी करता येत नाही. रंगांची बटणं मुकी आहेत. ती बोलती होईपर्यंत फोन करा, मी स्वतः रंग सांगेन, आणि कापडात खोट असेल तर तीही सांगेन. त्या मुलीला कामाला लावलंय, पण सगळ्या साड्या व्हायला वेळ लागेल, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं की ही चूक आमच्या एका ग्राहक बाईंनी दाखवून दिली. मग माळेगावला फोन करून ते सगळं वाचून दाखवलं. ‘आता खरं लिवलंत,’ त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले. पण पुरतं खरं ते अजूनही नाही, कारण चूक पहिल्यांदा कुणी दाखवली होती ते मी लिहिलेलं नाही.

हे पत्र मी कुठं पाठवणार? पाठवलं तरी तुम्हाला ते कुणीतरी वाचून दाखवायला हवं, आणि ती मीच असणार. इथवर वाचलंही असतं. पुढची ओळ मात्र मला तुमच्यासमोर मोठ्यानं वाचता आली नसती. त्या दिवशी रेंज होती, आबा.