भिंत परत द्यायची नाही

बाबा, स्वयंपाकघराच्या टाइल्स पिवळ्या घेतल्या, पिकत आलेल्या लिंबासारख्या. हे कुणाला तरी सांगायचंच होतं, आणि घरातली माणसं ऐकून ऐकून कंटाळलीत, तेव्हा म्हटलं तुम्हालाच सांगावं. लखनौच्या विकास नगरमधल्या आपल्या प्लॉटवर घर उभं राहिलंय. आपलं म्हणजे खरोखरच आपलं, बदलीची ऑर्डर आली म्हणून सोडून जायचं नाही असं. गेले कित्येक दिवस मी बँकेतून सुटले की थेट तिथे जाते आणि काही ना काही निवडते. नळ, कड्या, फरशी, खिडकीच्या कट्ट्याचा दगड. या वयात इतकं हरखून जाणं शोभतं का, मला माहीत नाही, पण हरखलेय खरी. एकाच गोष्टीवर गाडं अडलं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे तुम्ही. तुमचा फोटो या घराच्या भिंतीवर लावायचा की नाही, हे माझ्याच्यानं ठरेना, आणि तुम्हाला विचारायची काही सोय नव्हती.

सुरुवातीला माझी फजितीच झाली. दुकानदारानं विचारलं, "मैडम, मैट फिनिश देखेंगी या ग्लॉसी?" आजवर मला असलं काही कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्या रेल्वेच्या बदल्यांमधून आपण जितक्या क्वार्टर्समध्ये राहिलो, तिथल्या भिंती त्याच फिक्या पिवळट रंगाच्या आणि दारं तीच हिरवी. पुढे बँकेनं दिलेल्या फ्लॅटमध्येही जे होतं त्यात राहिले. मग आता हवा तो रंग घ्या म्हटल्यावर मी काय निवडलं असेल? भिंतींना फिका पिवळट आणि दारांना हिरवा. वर मोठ्या ऐटीत ते नमुने घरी आणून दाखवले. तुमची नात इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. "मम्मी, ये तो पूरा रेलवे क्वार्टर हो गया. बाहर नंबर भी लिखवा लो." तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. तुम्ही असतात तर तिला दर वाक्याला टोकलं असतं, जसं मला टोकत होतात. मग मीही हसत सुटले, नमुने परत केले, आणि त्यानंतर मला जो चेव चढला तो अजून उतरलेला नाही. बाहेरचं दार गडद निळं. दिवाणखान्याची मोठी भिंत मोरपंखी. खिडकीत पाय पसरून बसता येईल एवढा रुंद कट्टा. कपाटांच्या पितळी मुठींसाठी अमीनाबादच्या गल्ल्यांतून पायांचे तुकडे पडेस्तोवर हिंडले, आणि मनासारख्या मिळाल्यावर पिशवी मांडीवर धरून रिक्षात बसले, कुणी हिसकावून नेईल अशा थाटात. आईला म्हटलं, तुलाही काय हवं ते सांग, ग्रॅनाइट सांग, चिमणी सांग. तर म्हणाली, "मला चहा करताना दिसेल असा कॅलेंडरला एक खिळा दे."

त्या एका वाक्यात तिच्या सगळ्या संसाराचं गाऱ्हाणं आलं, बाबा. साताऱ्याहून मामा दरवर्षी मराठी कॅलेंडर पाठवायचा आणि ते दरवर्षी खिडकीच्या कडीला लटकायचं. वारा आला की एकादशी कुठे आणि चतुर्थी कुठे. कारण तुमच्या राज्यात भिंतीला खिळा नव्हता. इथल्याच चारबागच्या क्वार्टरमधली ती संध्याकाळ मला अजून लख्ख दिसते. मी चौथीत आहे. चित्रकलेत बक्षीस मिळालंय आणि शाळेनं माझं चित्र फ्रेम करून दिलंय. तुम्ही यायच्या आत मी आईच्या वरवंट्यानं भिंतीत खिळा ठोकते आणि चित्र लावते. तुम्ही येता आणि बूटही न काढता भिंतीसमोर उभे राहता. आवाज चढवत नाही. "भिंत आपली नाही. जशी घेतली तशी परत द्यायची असते." मग पकड आणून खिळा माझ्याकडूनच उपटून घेता. चुना, दात घासायची पांढरी पावडर आणि चिमूटभर पिवळी माती कालवून भोक कसं बुजवायचं ते दाखवता. मी मुसमुसत बोटानं लिंपते. तुम्ही शेजारी उकिडवे बसून म्हणता, "साताऱ्याला आपलं घर बांधू, तेव्हा ठोक हवे तितके खिळे. मी एक शब्द बोलणार नाही." आणि पुढच्या रविवारी खोक्याच्या फळ्या तासून तुम्ही त्या चित्रासाठी मागे टेकू असलेला लाकडी स्टँड करून दिलात. तो स्टँड आपल्याबरोबर गावोगाव फिरला आणि शेवटी लखनौलाच परत आला. तुम्ही गेल्यापासून त्याच्यावर तुमचा फोटो आहे. तुम्हाला भिंतीवर असं कधी लावलंच नाही. कुठलीच भिंत आपली नव्हती.

परवा रंगकाम संपलं आणि मिस्त्री हातोडी घेऊन आला. "दीदी, बाबूजी की फोटो कहाँ लगेगी? निशान लगा दीजिए." मी पेन्सिल घेऊन मोरपंखी भिंतीसमोर उभी राहिले आणि हात पुढे जाईना. साताऱ्याचं घर काही झालं नाही, बाबा. इस्पितळातल्या खाटेवरूनही तुम्ही सांगत होतात की रिटायर झालो की निघायचं, आणि तुम्हाला आम्ही पोचवलं ते इथे गोमतीच्या काठी. आता या भिंतीत तुमच्यासाठी खिळा ठोकायचा म्हणजे तुम्हाला तोंडावर सांगायचं, की जायचं वगैरे काही नाही, तुम्ही इथलेच. मला ते जड गेलं. मी म्हटलं, "भैया, ज़रा रुक जाइए." तो चहा प्यायला निघून गेला.

आई मागून काठी टेकत आली. "कशाला थांबवलंस त्याला?" मी सांगितलं. तिनं काठीच आपटली. "सातारा सातारा करत जन्म काढला ह्यांनी, आणि सुट्टीत गेलो की चार दिवसांत म्हणायचे, चला आता. तिकडच्या आंब्याला नावं ठेवायचे, आमच्या लखनौला दसेरी असा मिळतो म्हणून. आमच्या लखनौला! तुला आठवत नाही? ठोक गं तो खिळा." मग पदरानं डोळे टिपले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. "आणि असा लाव, की माझं कॅलेंडर त्यांना समोर दिसलं पाहिजे. बघू देत रोज."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मिस्त्री येईपर्यंतही धीर धरवला नाही. त्याची हातोडी उचलून दोन्ही खिळे मीच ठोकले, आधी आईचा, मग तुमचा. पहिल्याच घावाला थोडा गिलावा पडला आणि मी सवयीनं दाराकडे पाहिलं, तुम्ही बूट घालून उभे आहात की काय म्हणून. तुम्ही किंचित तिरके लागला आहात. पण समोर कॅलेंडर आहे, उजव्या हाताला निळं दार आहे, आणि पिवळ्या टाइल्सवर सकाळचं ऊन येतं तेवढंही तुम्हाला तिथून दिसतं. स्टँडवर काय ठेवायचं ते नात ठरवणार आहे.

हा कागद आता खिडकीखालच्या खणात टाकेन. त्यालाही पितळी मूठ आहे. एक मात्र सांगायचं राहिलं. रंगारी उरलेला रंग घेऊन निघाला होता, तेव्हा त्यातला वाटीभर मोरपंखी, कधी भोक बुजवायचं झालं तर असावा म्हणून, मी डब्यात काढून घेतला आणि झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवून दिला. ही भिंत कुणाला परत द्यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, बाबा. तरी ठेवलाय.