सरांविरुद्ध वर गेलेला हात

ती. आई,
लांबूनच पाया पडते. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या गायनमंडळात नवे सर आले. जुन्या सरांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांना बदलायचं का, यावर आधी बैठकीत हात वर करून मतं घेतली होती. मी इथे नवखी असताना त्यांनीच मला हाताला धरून पहिल्या रांगेत उभं केलं होतं. तरी एकटी पडेन या भीतीने माझाही हात वर गेला. त्यांनी तो पाहिला.

काल ते तालमीला आले, माझ्याच शेजारी उभे राहिले. म्हणाले, "आता मीही तुमच्यातलाच. सूर चुकला तर कोपर मार हं."

ते दोनदा चुकले. मला मान वर करवेना.

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
धाकटी