वाजंत्र्यांच्या बुटांवर पाणी

बाबा, स्पेनहून परत येऊन आठवडा होत आला, तरी अंगातला शीण जात नाही. नुसतं बसून माणूस एवढा कसा दमतो, हे तुम्हाला पटलं नसतं. तुम्ही दिवसभर गळ्यात ढोल अडकवून चालायचात आणि घरी आल्यावर अंगणही झाडायचात. मी पडवीत बसून लिहितेय. बॅग तशीच भरलेली पडली आहे, तिच्याकडे बघायचाही कंटाळा येतो.

तुमचा नातू तिथे हॉटेलात कूक आहे. आधी जहाजावर होता, मग तिथे उतरला आणि रमला. त्यानेच तिकीट पाठवलं. शनिवार-रविवारी त्याच्या गावात गाण्याबजावण्याची जत्रा असते, ती बघायला ये म्हणाला. मी निघाले ती मात्र जत्रेसाठी नाही. तुम्ही गेल्यापासून पालखीपुढचा ढोल माझा चुलतभाऊ वाजवतो, तोही माझा पोरगा येईपर्यंत, अशा बोलीवर. मान आपल्या घराचा, हात उसना. यंदा गावकीच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. चांगला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, "पोरगा येनार नसंल तर तसं सांग गो. ढोल तुझ्या चुलतभावाच्या घरी कायमचा जाऊ दे. किती वर्सं ताटकळत ठेवायचं त्यांना?" मी म्हटलं, विचारून येते. फोनवर विचारायची ही गोष्ट नव्हती. आणि खरं तर मला नुसतं ढोलाचं विचारायचं नव्हतंच. तू घरी कधी येणार, एवढंच विचारायचं होतं.

शनिवारी त्याने मला गाडीतून खेडोपाडी हिंडवलं. ऊन कडक, पण घाम म्हणून नाही. डोंगरउतारावर ऑलिव्हची झाडं, आपल्याकडे काजू लावतात तशी, पण रांगा अगदी दोरी धरून आखलेल्या. नदीकाठी चादर टाकून जेवलो. नदी कसली, आपल्या कुंडलिकेपुढे ओहोळच, पण लोक तिचं काय कौतुक करत होते! पेणहून नेलेले पोह्याचे पापड त्याने भाजून डब्यात घातले होते. ते खाताना त्याचा चेहरा लहानपणीसारखा झाला. मला वाटलं, आता विचारावं. तेवढ्यात कोणीतरी ओळखीचं येऊन त्याच्या गळ्यात पडलं. दिवसभर हेच. दुकानात, रस्त्यावर, जिथे जावं तिथे कोणीतरी त्याला मिठी मारी, आणि तो माझ्याकडे हात करून आई, आई असं काहीतरी सांगे. रोह्याच्या बाजारात आज त्याला इतके लोक ओळखतील का, असं मनात आलं आणि रागच आला. कोणाचा राग ते कळेना, म्हणून मी पाय दुखतात असं सांगून टाकलं. संध्याकाळी चौकात गिटारवाले बसले, बायाबापड्या नाचल्या. मी खुर्चीत पेंगत होते.

रविवारी सकाळी तो लवकर बाहेर पडला. जाताना म्हणाला, दारात उभी राहा, इथे वाजंत्री घरोघर फिरतात. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी ढोल ऐकू आला. पितळी कर्णे, बासऱ्या, आणि सगळ्यांच्या पुढे ढोल घेतलेला आपला पोरगा.

आणि बाबा, मी एकदम लहान झाले. चैत्रातलं ऊन आहे, पालखी दारात येऊन टेकली आहे, आणि मी आत आरतीच्या ताटात फुलं मांडत बसले आहे. तुम्ही ढोल थांबवून सगळ्यांदेखत ओरडता, "आरती ऱ्हाऊ दे. आधी पानी आण गो, मानसांचं पाय भाजतात." मी रडत रडत कळशी आणते, भोयांच्या पायांवर ओतते, तुमच्याही. मग दिवसभर तुमच्याशी बोलत नाही.

तर मी आत धावले. ओट्यावर पाण्याचा जग होता तो उचलला आणि पहिल्याच वाजंत्र्याच्या पायांवर ओतला. सगळ्यांच्या पायांत चकचकीत बूट आहेत, हे पाणी पडल्यावर माझ्या लक्षात आलं. त्या बिचाऱ्याने टुणकन उडी मारली. वाजवणं थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मग एकेक जण पुढे आला आणि बुटासकट पाय पुढे करू लागला. एका म्हाताऱ्याने तर बूटमोजे काढूनच ठेवले. सगळ्यात शेवटी पोरगा आला. त्याने बूट केव्हाच काढले होते.

"आई, माझ्याबी पायावर घाल," म्हणाला. मग त्याने ढोलावर हात टाकला आणि तुमचा ठेका धरला, पालखी नाचवतानाचा. आणि ते सगळे त्याच्या मागोमाग तोच ठेका वाजवू लागले. "मीच शिकवलाय यांना," तो म्हणाला. "दरवर्षी वाजवतो आम्ही. आता तू पानी घातलंस, माझं हितलं घर पुरं झालं बघ."

मला आनंद झाला, आणि वाईटही वाटलं. कोणत्या कारणाने डोळ्यांत पाणी आलं ते मी त्याला सांगितलं नाही.

विमानतळावर त्याने विचारलं, "आई, आल्यापासून काहीतरी बोलायचं हाय तुला. काय ते बोल की."

"नाय रे," मी म्हटलं. "वेळेवर जेवत जा."

काल अध्यक्षांकडे जाऊन आले. ढोल चुलतभावाच्या घराचाच समजा म्हटलं. त्यांनी चहा पाजला, चुलतभाऊ माझ्या पाया पडला. घरी आले तर घर खायला उठलं. तुमच्या घराचा मान मी असा देऊन टाकला, बाबा, आणि सगळे समजताहेत की पोरगा नाही म्हणाला. मीही तसंच समजू दिलं. हे पत्र कोणाला दाखवायचं नाही, म्हणून तेवढं लिहून ठेवते. मी विचारलं असतं तर तो आला असता. मला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.