संस्था बुडालेली नाही, फक्त पाणी शिरलं होतं

मु. पो. चिंचखडी (मोडनिंबच्या पुढे),
मंगळवार, दुपारी

आदरणीय चांगुणाआत्या,

सुमितचा सविनय जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? जुळे सोलापुरातल्या तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली, की अजून सोसायटीच्या मीटिंगाच चालल्यात? साक्षीचे पेपर चांगले गेले असतील. इकडे आई बरी आहे, शेळी व्यायली (दोन करडं, दोन्ही माद्या), आणि माझीही तब्येत उत्तम आहे. म्हणजे कालपासून घास उतरत नाही, डोळा लागत नाही आणि कुणी नुसतं दार वाजवलं तरी मी आधी खिडकीतून बघतो, तेवढं सोडलं तर उत्तम. फोन सोडून हा पत्र काय लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. आत्या, फोनवर बोललेल्याचं पुढे काय होतं ते मी काल या डोळ्यांनी बघितलं आहे. आता जे सांगायचं ते कागदावरच.

तुला माहीत आहे की मी इथल्या पतसंस्थेत व्यवस्थापक आहे (शिवाय वसुली मीच करतो, आणि रोज संध्याकाळी दारोदार फिरून वीस-तीस रुपयांची पिग्मीही मीच गोळा करतो). संस्थेचं पूर्ण नाव 'उगवती ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित' असं आहे. ते आमच्या खोलीपेक्षा लांब भरल्यामुळे पेंटरला 'मर्यादित' हा शब्द बाजूच्या भिंतीवर, मुतारीकडे तोंड करून लिहावा लागला. खोली पूर्वी धान्याचं गोदाम होती, त्यामुळे रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली आहे, आणि तिच्या स्लॅबवर ग्रामपंचायतीने पाण्याची टाकी बसवली आहे. चेअरमन धोंडीरामअण्णांना मी तीन वेळा लेखी दिलं होतं की ही टाकी एक दिवस आपल्याला भोवेल. अण्णांनी तिन्ही अर्ज खालच्या कप्प्यात नीट ठेवले होते. काल सगळ्यात आधी तेच भिजले.

तर सोमवारी सकाळी साडेसातला मी दूध संकलन केंद्रावर दोन लिटर घालायला गेलो होतो. त्या वेळी तिथे अर्धं गाव किटल्या घेऊन उभं असतं. माझ्या फोनमधून कानाला ऐकू यायचं बंद झाल्यापासून मी स्पीकरवरच बोलतो (दुरुस्तीला नऊशे सांगितले, म्हटलं राहू दे). फोन आला सिद्धम्माचा. ती आमच्याकडे झाडलोट करते, आणि माणूस लांब आहे म्हणजे फोनवर ओरडलंच पाहिजे असं तिचं पक्कं मत आहे. "सायेब, लवकर या, संस्था बुडाली की!" किटल्यांचा आवाज एकदम थांबला. शहाण्या माणसाने तिथेच स्पीकर बंद केला असता. मी विचारलं, "किती बुडाली?" ती म्हणाली, "गुडघ्यापातूर! कपाटाचा खालचा कप्पा पार गेला!" मी म्हटलं, "अगं मग चेअरमन कुठायत?" आणि आत्या, सिद्धम्मा म्हणाली, "चेअरमन पळालं!"

अण्णा पळाले होते ते मोटर बंद करायला. पहाटे लावलेली मोटर तशीच चालू राहिली, टाकी भरून वाहिली, आणि सगळं पाणी दोन पायऱ्या उतरून आमच्याकडे आलं, एवढीच गोष्ट. पण ते कळेपर्यंत दूध केंद्र रिकामं झालं होतं. माणसं किटल्या तिथेच टाकून पासबुक आणायला घरी गेली होती. त्यांनाही दोष देता येत नाही. चार वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका संस्थेचं शटर असंच एका सकाळी खाली आलं ते परत वर गेलंच नाही. तिथल्या पावत्या लोकांनी अजून ट्रंकेत जपून ठेवल्यात. आमच्याकडे 'बुडाली' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे पाणी येत नाही, ती पावतीच येते.

दहाला दार उघडलं तेव्हा रांग पार मारुतीच्या पारापर्यंत गेली होती. सिद्धम्माने पाणी उपसून काढलं होतं, पण भिजलेली खतावणी वाळवायला तिने दारातच दोरी बांधली आणि एकेक पान चिमट्याने अडकवलं. लोक आपापल्या खात्याचं पाणी ठिबकताना बघत होते. कुणीतरी म्हणालं, बघा, खाती धुऊन काढली. मी स्टुलावर चढून खुलासा केला की मंडळी, संस्था बुडाली नाही, फक्त पाण्यात गेली होती. (हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं. तोवर ते पारापर्यंत पोचलं होतं.) मग अण्णांनी फळ्यावर खडूने लिहिलं, 'सभासदांनी अजिबात घाबरू नये.' जे दोघंतिघं नुसती गंमत बघायला आले होते ते हे वाचून घाबरले आणि रांगेत उभे राहिले. शेवटी गलका थांबवायला अण्णांनी दारात उभं राहून दोन्ही हात उंच केले. झालं. चेअरमननी हात वर केले, ही बातमी दहा मिनिटांत हायवेवरच्या हॉटेलात गेली आणि तिथून मला माझ्याच मावसभावाचा फोन आला, की खरं आहे का.

आत्या, तिजोरीत एक लाख त्र्याहत्तर हजार होते आणि समोर उभ्या असलेल्या लोकांच्या ठेवी होत्या एकसष्ट लाखांच्या. बाकीचे पैसे कुठे आहेत, असं रांगेतून ओरडून विचारत होते. आता ते काय सांगू? ते रांगेतच उभे होते. पंधराव्या नंबरवर शंकरप्पा उभा होता, त्याची पिठाची गिरणी आमच्या कर्जावर उभी आहे, आणि त्या गिरणीत त्याच्या पुढच्या चौदा जणांच्या ठेवी दळण दळतायत. ज्यांचे ओरडून घसे बसले होते त्यांच्यातल्या एकाच्या बायकोचं सिझर झालं, तेव्हा सकाळी सात वाजता मी दार उघडून पैसे दिले होते. तालुक्याच्या बँकेने सतरा कागद मागितले असते आणि बारसं झाल्यावर मंजुरी कळवली असती. आम्ही कागद थोडे बघतो. माणूस कसा आहे ते शेजारी विचारतो, शेजाऱ्याला जामीन करतो, आणि तो शेजारीच मग दर महिन्याला हप्त्याची आठवण करून देतो. गावाने गावाला दिलेले पैसे आहेत हे, मी मधे फक्त चिठ्ठी फाडायला. पण सत्तर माणसं एकदम काउंटरवर हात आपटायला लागली की हे सगळं कोण ऐकतंय? मला खरंच भीती वाटली. ही खोली आज बंद पडली, तर पुढच्या वेळी सकाळी सातला कुणाचं दार वाजवणार?

एक वाजेपर्यंत अडतीस हजार उरले. आणि तेव्हाच मुक्ताबाई काउंटरशी आली. कोंबड्या पाळून, अंडी विकून रोजचे वीस रुपये माझ्याकडे पिग्मीत टाकते, तीच. छत्तीस हजार चारशे जमलेत तिचे, नातीच्या, संस्कृतीच्या नर्सिंगच्या फीसाठी. एवढे दिले की तिजोरीत सोळाशे रुपये आणि एक मेलेलं झुरळ राहणार होतं. तिच्या मागच्याला मी काय दाखवणार होतो? मी स्लिपवर सही करायला पेन उचललं, पण ते हातातून खाली पडलं. मुक्ताबाईने ते उचलून दिलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "सुमित, तुझं सोताचं पैसं कुटं हायत रं?" मी म्हटलं, हितंच आहेत. "व्हय?" म्हटलं, व्हय. मग तिने स्लिप फाडली, पदराला हात पुसले आणि मागे वळून म्हणाली, "ह्या पोराचं पैसं हितंच हायत. मग आपलं कुटं चाललंय? मी न्हाय काढत." तिच्या मागची बाई म्हणाली, मग मी पण उद्याच येते. शंकरप्पाला एकदम गिरणीवर पीठ सांडत असल्याची आठवण झाली. अर्ध्या तासात दारात फक्त दोरी आणि खतावणी उरली.

तर असं झालं. काळजीचं काहीच कारण नाही, संस्था भक्कम आहे. बँकेतून रोख शुक्रवारी येतेय, असं अण्णांनी फळ्यावरचं पहिलं वाक्य पुसून लिहिलं आहे. थंडी सुरू झाली आहे, गुडघ्याला तेल लावत जा. मोठ्यांना जयभीम, साक्षीला आशीर्वाद.

तुझा भाचा,
सुमित

ता. क. : रोख शुक्रवारी येणार, आणि आमचा बाजार गुरुवारी असतो. वाड्यावस्त्यांवरच्या लोकांना 'बुडाली' कालच कळलं आहे, मुक्ताबाईचं मात्र अजून कळलेलं नाही. ते सगळे गुरुवारी येतील, अकराच्या सुमाराला. म्हणून एक विनंती. तू गुरुवारी सकाळच्या एसटीने ये आणि भर बाजारात, सगळ्यांच्या देखत संस्थेत ठेव ठेव. तू सिव्हिल हॉस्पिटलातून रिटायर झालेली बाई, भाजीवाल्याकडून सुटा रुपयासुद्धा परत मागून घेतेस हे सगळ्या गावाला माहीत आहे. चांगुणाबाईने पैसे ठेवले म्हटल्यावर कुणाची काढायची छाती होणार नाही.

ता. क. दोन : तुझा एक रुपयाही लागणार नाही. हे पत्र घेऊन आलेल्या मल्लेशकडे (आमचा दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर, माणूस खात्रीचा) शेंगाचटणीचा डबा आहे. चटणीच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्केचाळीस हजार आहेत. मोजून घे. तेच गुरुवारी भरायचे.

ता. क. तीन : ते पैसे माझे आहेत. वर तिजोरीत एक लाख त्र्याहत्तर हजार होते असं लिहिलं, ते खोटं नाही. पण सकाळी साडेनऊला दोन लाख चौदा हजार होते. दार उघडण्याआधी मी पाण्यात उभं राहून स्वतःच्या नावाची स्लिप भरली, स्वतःच सही केली, आणि पैसे शर्टाच्या आत घातले. चोरी नाही आत्या, माझीच ठेव होती. संस्था बुडालेली नाही हे मला गावात सगळ्यांच्या आधी कळलं होतं, तरी कालच्या दिवसाची एक नंबरची स्लिप माझी आहे. मुक्ताबाईशी बोलत होतो तेव्हा नोटा पोटाला टोचत होत्या. आता ते पैसे मीच काउंटरवर ठेवले तर काढले कधी हे सगळ्यांना कळेल, आणि तिने माझ्या एका शब्दावर स्लिप फाडली आहे. गुरुवारी ती तुझ्या शेजारी येऊन उभी राहील, तिला गर्दी असली की पुढे जायची सवयच आहे, आणि बाई, पैसं कुणाचं, असं विचारीलच. तू चाळीस वर्षं सुया टोचल्यास पण एकाही पेशंटला दुखणार नाही असं खोटं सांगितलं नाहीस. तिला काय सांगायचं ते तूच ठरव. मला विचारू नकोस, मी तिला एकदा व्हय म्हणून बसलोय.