नाव जाताना

३ तारीख
अखेर नोकरी लागली, तीही मनासारखी. चित्रपटांची सुरुवातीची टायटल्स करणारं छोटं ऑफिस. तिसरा मजला, तीन टेबलं, पडदे कायम ओढलेले. ताईने तिच्या घरातली खिडकीजवळची खोली मला दिली आणि बजावलं, की शेंडेफळ असलीस तरी आपला कप आपणच विसळायचा. ऑफिसातल्या संकलक बाई कडक आहेत, पण शिकवतात. म्हणाल्या, थरारपटाच्या पहिल्या दोन मिनिटांत काहीच घडत नाही, तरी प्रेक्षकाने खुर्चीचा हात धरला पाहिजे. शेजारच्या टेबलावर आवाजाचं काम करणारा मुलगा बसतो. दिवसभर हेडफोन लावून गप्प, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणतात. दुपारी त्याने न विचारता अर्धं सँडविच माझ्यापुढे सरकवलं.

७ तारीख
इथली एक पद्धत मजेशीर आहे. कलाकारांची खरी नावं फार उशिरा येतात, म्हणून तोवर डमी नावं घालायची, आणि तीही आपल्याच माणसांची. बनवलेलं नाव पडद्यावर खोटंच दिसतं, असं बाईंचं म्हणणं. पडद्यावर येणाऱ्या नावांच्या पहिल्या पाटीवर मी घुम्याचं नाव घातलं, दुसरीवर, नायिकेच्या जागी, ताईचं. बाकीच्या अजून कोऱ्या आहेत. ताईला सांगितलं तर म्हणाली, मग आजपासून भांडी मी घासणार नाही.
दिग्दर्शकाने पाहिलं. भीती वाटत नाही म्हणाला.

१२ तारीख
डोकं उठलंय नुसतं. सगळं काळंकुट्ट केलं, तर नेहमीचंच आहे म्हणाला. टपकणारा नळ जवळून दाखवला, तर प्लंबरची जाहिरात वाटते म्हणे. अक्षरं थरथरवली, तर यांना थंडी वाजतेय का, असं विचारलं. बरं, नक्की काय हवंय तेही या माणसाला सांगता येत नाही. घुम्याने सगळं संगीत काढून नुसता श्वासाचा आवाज लावला, तोही नापास. बाईंपुढे रडगाणं गायलं, तेव्हा त्या म्हणाल्या, नाव येताना सगळेच घाबरवतात. जाताना काय होतं ते बघ.

१६ तारीख
जमलं! जाताना नाव आता नुसतं विझत नाही. मागची भिंत हळूहळू अक्षरांवर चढते, आणि शेवटी तिथे कधी काही नव्हतंच असं वाटतं. घुम्याच्या नावावर करून पाठवलं. दिग्दर्शकाचा फोन आला, अंगावर काटा आला म्हणाला, दुसऱ्या नावालाही हेच लाव. लावलं. आमचा संगणक जुनाट, त्यामुळे हे दुसरं पक्कं व्हायला दोन-तीन दिवस लागतील. आज मी स्वतःवर फार खूश आहे.

१७ तारीख
घुम्याच्या जागी लोखंडी कपाट आहे. टेबल नाही, खुर्ची नाही. बाईंना विचारलं, तर कोण घुम्या म्हणाल्या. आवाजाचं काम म्हणे पहिल्यापासून बाहेरून होतं. नव्या माणसाची थट्टा चाललीय असं वाटून मी जाम चिडले आणि कपाट ओढलं. खाली वर्षानुवर्षांची धूळ होती.

१८ तारीख
ताई भरदुपारी रागाने लाल होऊन घरी आली. तिच्या ऑफिसच्या रखवालदाराने तिला ओळखलं नाही. साहेबांनीही नाही. ती बोलत होती आणि मला फक्त अक्षरांवर चढणारी ती भिंत दिसत होती. दुसरी पाटी ताईची आहे.
तशीच ऑफिसात पळाले. संगणक बंद केला, तरी काम चालूच. बाई म्हणाल्या, मंजूर झालेल्या कामाला हात लावायचा नाही. दिग्दर्शक म्हणाला, आता कुठे जमलंय, माती करू नकोस. कुणीच ऐकत नाही. कुणीच.

१९ तारीख
आईचा फोन आला. ताईशी बोल म्हटलं, तर कोणती ताई म्हणाली. तू एकुलती एक, असं काय करतेस.
ताई समोरच उभी होती. तिने ऐकलं.

१९, दुपार
पाटीवरचं ताईचं नाव खोडलं. परत आलं. मनाने एक नाव बनवून घातलं — टिकलं नाही. खरं लिहिते, मग दिग्दर्शकाचं घातलं, हातसुद्धा थरथरला नाही. तेही नाही. भिंत ताईच्या शेवटच्या अक्षरापर्यंत —
आपल्याच माणसांची, असं बाई म्हणाल्या होत्या. आईचं कसं घालू? नाही.
माझं घातलं.
टिकलं.

२० तारीख
ताईला ऑफिसातून फोन आला, चूक झाली म्हणाले. आईशीही ती बराच वेळ बोलली. हसली. मला खूप भीती वाटतेय, पण हसली ती.

नंतर
माझ्या खोलीत ताईने कपडे वाळत घालायचा स्टँड आणून ठेवला. मी पलंगावरच बसले होते. एकदा माझ्याकडे पाहिलं, पाहुणीकडे बघावं तसं, आणि —
चहा टाकलाय. सवयीने दोन कप काढले तिने. आता थांबलीय. दुसरा कप हातात घेऊन आठवतेय काहीतरी. मी जवळ उभी राहून सांगतेय — ताई, मी, तुझं शेंडेफळ — कप मी विसळीन, ताई, रोज — तिने तो कप परत