खरवडून घ्यायचं नाही

प्रिय युवराज,

गाठ कॅन्सरची नाही. काल दुपारी बारामतीत डॉ. मेघना शितोळे यांनी रिपोर्ट समोर ठेवून तसं स्पष्ट सांगितलं. दाताचं कवच घडवणाऱ्या पेशींपासून झालेली ही गाठ आहे. ती सहसा शरीरात पसरत नाही, पण जागच्या जागी हाड पोखरत राहते. खालच्या जबड्याच्या उजव्या बाजूला, शेवटच्या तीन दाढांखाली तिनं हाड जवळजवळ पोकळ केलंय. तेवढा तुकडा काढायचा आणि पोटरीतलं बारीक हाड तिथं बसवायचं. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी, पुण्यात. ही बातमी माझ्या आबांकडून तुझ्या भीमामामांना, मामांकडून तुझ्या आईला आणि आईकडून तुला, अशी फिरत पोचली असेल. म्हणून एकदा सरळ माझ्याकडून. फोनवर मी काही सांगायला लागले की तू ‘बघू’ म्हणतोस आणि मग मीच गप्प बसते. कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. जानेवारीत चुलत्यांच्या उसाला तोड आली होती. मी बांधावर बसून दातानंच कांडं सोलत होते आणि दाढ हलली. दुखलं काहीच नाही. पुढं गाल जरा वर आला, तेव्हा चुलती म्हणाली, “लगीन ठरल्यावर अक्कलदाढ आली व्हय गं? लई उशिरा अक्कल फुटली!” सगळं घर हसलं, मीही हसले. लासुर्ण्यातल्या प्रत्येक बाईनं त्या अक्कलदाढेवर एकेक उपाय सांगितला. हळदीचा लेप लावून मी शाळेत जायचे आणि वर्गातली पोरं ‘बाई, हळद आत्ताच लागली का?’ म्हणून चिडवायची. साखरपुड्यात आमची धाकटी मोना सारखा माझा डावाच गाल पुढं घेऊन फोटो काढत होती, ते तुझ्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं होतं.

विज्ञान शिकवते मी, तरी स्वतःच्या जबड्याकडं कधी असं बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी प्लॅस्टिकची कवटी हातात दिली. कवटीला जोडलेलं हालणारं मोठं हाड एवढं एकच, खालचा जबडा. तू हे वाचतोयस तर एक कर. गालावर, कानाच्या खाली हात ठेव आणि दात आवळ. हाताखाली जो टणक गोळा उठतो, तो चावण्याचा मुख्य स्नायू. आता बोटं कानशिलावर ने आणि पुन्हा आवळ. तिथंही हालतं ना? तो दुसरा, पंख्यासारखा पसरलेला. कानाच्या अगदी पुढं बोट ठेवून तोंड उघडलंस तर सांधा सरकताना कळेल. माझा तो सांधा शाबूत ठेवता येईल, असं त्या म्हणाल्या. स्नायू नव्या हाडाशी पुन्हा जुळवून घेतील, पण त्यासाठी महिनोन् महिने व्यायाम करावा लागेल. खालचा ओठ उजवीकडं बधिर राहील, कदाचित कायमचा, कारण तिथली नस त्याच हाडातून जाते. नवे दात बसायला वर्ष लागेल. गाल थोडा बसेल. हे सगळं मी दोनदा विचारून घेतलं.

आपण बारामतीत पहिल्यांदा दोघंच भेटलो होतो, मिसळ खायला. तू फक्त डाव्या बाजूनं चावतोस, हे मी तुला सांगितलं, तर तू इतका हसलास की तर्री नाकात गेली. ‘बायको आहेस का दातांची डॉक्टर?’ म्हणालास. लग्नाला सहा महिने होते आणि तू बायको म्हणालास. त्या दिवशी एसटीनं घरी येताना मी खूष होते.

हाड कापावं लागेल असा डॉक्टरांचा अंदाज रिपोर्टच्या आधीच होता; तो ऐकून मंगळवारी तुझी आई बावड्याहून आली. माझ्या गालावरून हात फिरवला. मायेनंच फिरवला, ते मी नाकारत नाही. मग म्हणाली, “पोरी, हाडबिड कापू नगं. भीमाच्या वळखीचं डॉक्टर म्हंत्यात, नुसतं खरवडून घेतलं तरी भागतंय. लग्नाचं फोटू जल्मभर भिताडावर ऱ्हात्यात.” मी डॉ. शितोळ्यांना तेही विचारलं. खरवडता येतं, चेहराही राहतो, पण माझ्यासारखी गाठ परत येण्याची शक्यता फार. परत आली की आजच्यापेक्षा जास्त हाड जातं. भिंतीवरच्या फोटोला दात लागत नाहीत. मला लागतात. मला भाकरी खायची आहे, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायचा आहे, आणि तुझ्याशी भांडायचंही आहे.

तारखेचंही सांगते. इंदापूरचं कार्यालय घेतलंय, पत्रिका छापल्यात, म्हणून तारीख हलत नाही, असा मामांचा निरोप आला. आबा फोनवर त्यांना म्हणाले, “मामासाहेब, आपल्यात मुहूर्त न्हाय बगत. पंचशील कोणच्याबी दिवशी घेता येतंय. मग तारीख कुणासाठी आडलीया?” जेवताना घास भरवायचा कसा, हीसुद्धा तुमच्याकडं चिंता आहे म्हणे. मोना म्हणाली, खीर ठेवू. मी सांगितलं, जिलेबीच ठेवायची. डाव्या बाजूनं चावीन, वेळ लागेल, पाहुण्यांनी थांबावं.

आता हे पत्र का. काल संध्याकाळी मामांचा शेवटचा निरोप आला: खरवडून घेत असाल तर ठरल्या तारखेला लग्न, नाहीतर थांबवू. परवा रविवारी अकरा वाजता तुमच्याकडची पाच माणसं आमच्या ओसरीवर बसणार आहेत. आबांना मी सांगितलंय की त्या बैठकीत ते बोलणार नाहीत, मी बोलेन. गुरुवारनंतर काही आठवडे मला नीट बोलता येणार नाही, त्यामुळं जे आहे ते रविवारीच बोलून घेईन. खरवडून घ्यायचं नाही, हे माझं उत्तर आहे आणि ते बदलणार नाही. तुझं उत्तर मला माहीत नाही. तू येशील असं आबा म्हणतात. आलास तर मामांना पुढं करू नकोस. तुझा जबडा धडधाकट आहे.

‘तुझीच’ लिहायचं की नाही, ते रविवारनंतर. आज नुसतीच,
सोनम